परदेशातून आणलेले उपकरण आपल्या लाईटवर चालेल का? व्होल्टेज कन्व्हर्टर घेण्यापूर्वी हे वाचा

चंद्रपूर / गडचिरोली : मुलगा अमेरिकेत नोकरीला, जावई दुबईत, पुतणी जपानला शिकायला. अशी घरे आता फक्त चंद्रपूर शहरात राहिली नाहीत. ब्रह्मपुरी, वडसा, राजुरा, अहेरी, सिरोंचा, सगळीकडे आहेत. सिरोंचाकडच्या अनेक घरांचे नातेवाईक तेलंगणात, आणि तिथून आखाती देशांत जाणारे खूप. सुटीला येताना कोणी मिक्सर आणतो, कोणी राईस कुकर, कोणी आईसाठी नेब्युलायझर. खोके उघडते, पिन कशीबशी सॉकेटमध्ये बसवली जाते, आणि 'फट' असा आवाज होऊन जळका वास येतो. दहा-पंधरा हजारांची वस्तू दोन सेकंदांत भंगारात.

कधी कधी नुकसान पैशापुरते राहत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, परदेशातल्या भारतीयांनी आपापल्या गावी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवले. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२१ रोजी अशी यंत्रे वैयक्तिक वापरासाठी भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने मागवायला त्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत परवानगीही दिली होती. त्यातली अमेरिकी बाजारासाठी बनवलेली यंत्रे ११५ ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची होती. अशी यंत्रे आजही काही घरांत पडून आहेत. घरात दम्याचे किंवा फुप्फुसाचे म्हातारे माणूस असले, की ती पुन्हा बाहेर काढली जातात. अशा वेळी कन्व्हर्टर चुकला तर श्वासाचाच प्रश्न येतो.

म्हणून कन्व्हर्टर घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. पहिला, यंत्राला काय पाहिजे? दुसरा, आपल्या घरच्या सॉकेटमध्ये खरोखर किती येते? मोठ्या शहरातला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो. दुसरा विचारत नाही, कारण त्याच्याकडे लाईट डिम होत नाही. आपल्याकडे होते.

आधी यंत्राचे लेबल वाचा

प्रत्येक उपकरणाच्या मागे, बुडाशी किंवा चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत एक पट्टी असते. त्यात 'इनपुट' या शब्दापुढे तीन गोष्टी पाहायच्या: व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट (किंवा अँपिअर). भिंगाने बघावे लागले तरी बघा, मोबाईलने फोटो काढून मोठा करा.

इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिले असेल तर कन्व्हर्टरची गरजच नाही. मोबाईल आणि लॅपटॉपचे चार्जर, बहुतेक कॅमेऱ्यांचे चार्जर, बरेच ट्रिमर आणि झोपेत लावायची बरीच सीपॅप यंत्रे अशी असतात. फक्त पिन बदलायचा अॅडॉप्टर लागतो. दुकानदार कन्व्हर्टर गळ्यात मारायला लागला तर घेऊ नका.

इनपुट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे असेल तर ते यंत्र अमेरिका-कॅनडाचे. व्होल्टेज उतरवल्याशिवाय ते आपल्याकडे लावायचेच नाही.

इनपुट १०० व्होल्ट असे असेल तर ते जपानचे. यासाठी अमेरिकी यंत्राचा कन्व्हर्टरही चालत नाही. कारण पुढे दिले आहे.

इनपुट २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असे असेल तर ते यंत्र आपल्यासारख्याच लाईटचे. पिन तेवढी बघा.

काही यंत्रांना मागे ११५/२३० असा सरकवायचा छोटा खटका असतो. तो २३० वर करूनच पिन लावा. खटका ११५ वर राहिला तर यंत्र पहिल्याच सेकंदाला जाते.

कोणत्या देशात किती व्होल्ट?

भारत : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.
अमेरिका, कॅनडा : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.
जपान : १०० व्होल्ट. टोकियोसह पूर्व भागात ५० हर्ट्झ, ओसाकासह पश्चिम भागात ६० हर्ट्झ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मनीची जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकेची. तो फरक अजून तसाच आहे.
तैवान : ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ.
दक्षिण कोरिया : २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.
दुबई-अबुधाबी, ओमान, कतार, कुवेत, बहरीन : २२० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ.
सौदी अरेबिया : ६० हर्ट्झ. जुन्या घरांत १२७ व्होल्ट होते. २३० व्होल्टवर जायचा निर्णय २०१० मध्ये झाला. म्हणून सौदीहून आलेल्या जुन्या वस्तूचे लेबल वाचल्याशिवाय पिन लावू नका.
इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

म्हणजे आखातातून आणलेल्या बहुतेक वस्तूंना कन्व्हर्टर नको, पिनचाच प्रश्न असतो. तिकडची तीन चपट्या दांड्यांची पिन आपल्या गोल भोकांत बसत नाही. सॉकेटच्या वरच्या भोकात पेन किंवा काडी खुपसून ती पिन कोंबायची सवय अनेक घरांत आहे. ती फार धोक्याची आहे. पिन सैल बसते, ठिणग्या पडतात आणि अर्थिंग लागत नाही. चांगला अॅडॉप्टर घ्या. जड वस्तू असेल तर वायरमनकडून आयएसआय मार्कची भारतीय थ्री-पिन बसवून घ्या. कुकर, इस्त्री, हीटर यांना १६ अँपिअरची मोठी पिन, बाकीच्यांना ६ अँपिअरची.

व्होल्टेज दुप्पट झाले तर जाळ चौपट

बरेच जण म्हणतात, "जरा वेळ लावून बघू, गरम झाले तर काढून घेऊ." तेवढा वेळ मिळत नाही. गरम होणाऱ्या वस्तूत, म्हणजे कुकर, इस्त्री, केटलमध्ये, ताकद व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. अमेरिकेचा १२० व्होल्टचा ५०० वॅटचा राईस कुकर थेट २३० व्होल्टवर लावला, तर तो सुमारे १८४० वॅट ओढू लागतो. कॉइल लाल होऊन तुटते, नाहीतर वायर वितळते. घर कुडाचे किंवा लाकडी पाट्यांचे असेल तर आग लागायला वेळ लागत नाही.

जपानच्या वस्तूचे गणितही असेच. दोनास-एक असा साधा कन्व्हर्टर २३० चे ११५ करतो. जपानच्या १०० व्होल्टच्या कुकरला ११५ मिळाले तर त्याचा जाळ सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो. काही दिवस चालेल, मग जाईल. जपानी वस्तूसाठी १०० व्होल्टची वेगळी जोडणी असलेलाच ट्रान्सफॉर्मर मागा.

बाजारात 'कन्व्हर्टर' नावाने तीन वेगळ्या वस्तू मिळतात

१. पिन अॅडॉप्टर. हा फक्त पिनचा आकार बदलतो. व्होल्टेज तेवढेच राहते. अनेकांची वस्तू याच गैरसमजातून जळते.

२. इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल कन्व्हर्टर. हातात मावेल एवढा, वजनाने हलका, आणि त्यावर १६०० किंवा २००० वॅट असा मोठा आकडा. यात ट्रान्सफॉर्मर नसतो. तो विजेची लाट कापून-कापून पुढे देतो. साधी इस्त्री किंवा केटल अशी फक्त कॉइल असलेली वस्तू थोडा वेळ चालवायला तो ठीक. मोटार, डिजिटल पडदा किंवा सर्किट असलेली वस्तू त्यावर लावू नका. वैद्यकीय यंत्र तर अजिबात नाही.

३. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. लोखंडी गाभा आणि तांब्याच्या तारेचा जड डबा. घरात रोज वापरायला हाच. ओळखायची सोपी खूण वजनाची आहे. डब्यावर दोन हजार लिहिले आहे आणि तो पाव किलोचा आहे, तर तो ट्रान्सफॉर्मर नाही.

ट्रान्सफॉर्मरमध्येही दोन प्रकार. ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्वस्त आणि लहान असतो, पण त्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी लाईट एकाच वाइंडिंगला जोडलेली असते. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले तर बाहेरच्या '११०' च्या वायरलाही जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० चा झटका बसू शकतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वाइंडिंग वेगळ्या असतात. तो महाग आणि जड असतो, पण सुरक्षित. ओल्या जागेतली वस्तू आणि रुग्णाला लागणारे यंत्र यासाठी आयसोलेशनच घ्यावा. बाकी स्वयंपाकघरातल्या वस्तूला चांगला ऑटो-ट्रान्सफॉर्मर चालतो, पण सॉकेटचे फेज-न्यूट्रल टेस्टरने तपासून घ्या.

परदेशातून येताना तिकडचाच 'अप-डाऊन' ट्रान्सफॉर्मर आणणारेही आहेत. त्याच्या मागे ११०/२२० चा खटका असतो. आपल्याकडे लावताना तो २२० वरच हवा. मुलांच्या हाताला लागणार नाही म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा.

आपल्याकडचा खरा घोळ : लाईट २३० नसतेच

इथे आपल्या दोन जिल्ह्यांचा प्रश्न सुरू होतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचे. पण वीज जिथे तयार होते तिथून ती थेट शेजारच्या गावात उतरत नाही. ती मोठ्या वाहिन्यांनी राज्यभर जाते, आणि गावात येते ती उपकेंद्रातून निघालेल्या ११ हजार व्होल्टच्या लांबलचक लाईनने. भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा, जिवती या भागांत ही लाईन जंगलातून जाते. झाडाची फांदी, वारा, वीज पडणे हे सारे तिच्यावर होते. पुढे गावातल्या डीपीपासून शेवटच्या घरापर्यंतची तार जितकी लांब आणि जितकी बारीक, तितके व्होल्टेज वाटेतच पडते. त्यात धानपट्ट्यात, म्हणजे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल, आरमोरी, वडसा या भागांत, एकाच वेळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की ताण आणखी वाढतो.

नियमाप्रमाणे घरगुती ग्राहकाला मिळणारे व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या ६ टक्के खाली-वर असू शकते. पण संध्याकाळी टोकाच्या घरात पंखा रेंगाळतो, बल्ब पिवळा पडतो आणि मीटर १७०-१८० दाखवते, हे गावाकडे कोणाला नवे नाही. रात्री उशिरा सगळे झोपले की हेच व्होल्टेज २५० च्या वर चढते.

आता लक्षात ठेवायची गोष्ट ही : स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज सांभाळत नाही, तो फक्त अर्धे करतो. आत येईल त्याच्या निम्मे बाहेर.

आत २३० आले तर बाहेर ११५. ठीक.
आत १८० आले तर बाहेर ९०. मोटार घुरघुरेल आणि तापेल.
आत १६० आले तर बाहेर ८०. कॉम्प्रेसर सुरूच होणार नाही आणि अडकून जळेल.
आत २६० आले तर बाहेर १३०. अमेरिकी वस्तूला काठावरचे, जपानी वस्तूला घातक.

१२० व्होल्टच्या वस्तूला साधारण १०८ ते १३२ व्होल्ट चालतात असे धरले, तर आत किमान २१६ व्होल्ट यायला हवेत. तुमच्या घरी संध्याकाळी तेवढे येतात का? नसतील येत, तर नुसता कन्व्हर्टर कितीही भारी असला तरी उपयोग नाही.

आठवडाभर मोजा, मग खरेदी करा

सॉकेटमध्ये लावायचा डिजिटल व्होल्टमीटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. नाहीतर वायरमनच्या मल्टीमीटरने मोजून घ्या. पहाटे, दुपारी दोनच्या सुमारास, संध्याकाळी सात ते दहा आणि मध्यरात्री, असे रोज चार वेळा एका वहीत लिहा. सात दिवसांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा कळेल. हेच दोन आकडे दुकानदाराला सांगायचे.

सगळे आकडे २१६ ते २५० च्या आत असतील, तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर पुरे.

आकडा खाली-वर जात असेल तर आधी स्टॅबिलायझर, मग स्टेप-डाऊन, मग उपकरण असा क्रम लावा. क्रम उलटा करू नका. स्टॅबिलायझरवर 'वर्किंग रेंज' लिहिलेली असते. तुमचा सगळ्यात कमी आकडा १६० असेल तर १७० पासून चालणारा स्टॅबिलायझर नको, १३० किंवा त्याहून खालपासून चालणारा घ्या. साधा रिलेचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलतो, मिक्सर-कुकरला तो चालतो. नाजूक यंत्राला सर्व्हो स्टॅबिलायझर बरा, तो व्होल्टेज जास्त नेमके ठेवतो.

स्टॅबिलायझरमध्ये आणखी दोन गोष्टी मागा. एक, व्होल्टेज फार चढले किंवा फार पडले की लाईट तोडणारा हाय-लो कटऑफ. गावात डीपीचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि एका फटक्यात अनेक घरांतले टीव्ही-फ्रीज जळतात. तेव्हा हा कटऑफच वाचवतो. दुसरी, टाइम डिले. लाईट गेली-आली, गेली-आली असे होताना कॉम्प्रेसरची मोटार लगेच सुरू न होता काही मिनिटे थांबून सुरू होते.

किती व्हीएचा घ्यायचा?

ट्रान्सफॉर्मरची ताकद व्हीए किंवा केव्हीएमध्ये लिहितात. १००० व्हीए म्हणजे १ केव्हीए. लेबलवर वॅट नसेल आणि अँपिअर असेल तर व्होल्टने गुणा : १२० व्होल्ट, ३ अँपिअर म्हणजे ३६० व्हीए.

मग हा हिशेब करा. फक्त गरम होणाऱ्या वस्तूला लेबलच्या आकड्याच्या सव्वापट. मोटारीच्या वस्तूला किमान दुप्पट, कॉम्प्रेसर असेल तर तिप्पट. कारण मोटार सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढते.

शिलाई मशीन, १०० वॅट : ३०० व्हीए.
राईस कुकर, ५०० वॅट : ७५० व्हीए.
पीठ मळायचा स्टँड मिक्सर, ३०० वॅट : ७५० ते १००० व्हीए.
ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, ३५० वॅट : किमान १००० व्हीए.
मोठा ब्लेंडर, १४०० वॅट : ३००० व्हीए.
हेअर ड्रायर, १८७५ वॅट : २५०० व्हीए. यापेक्षा इथलाच नवा ड्रायर घ्या.

स्टॅबिलायझरही निदान तेवढ्याच ताकदीचा हवा. आणि व्होल्टेज कमी असताना तो उचलण्यासाठी स्टॅबिलायझर लाईनमधून जास्त करंट ओढतो, हे धरून एक आकडा मोठाच घ्या. ३००० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण लोडवर २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर घेतो. तो ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर लावला तर बोर्ड जळणारच. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि मीटरपर्यंत जाड वायर हवी.

हर्ट्झचे दुखणे कन्व्हर्टरने जात नाही

हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. अमेरिकेची वस्तू ६० हर्ट्झची, आपली लाईट ५० हर्ट्झची. मग काय होते?

फक्त कॉइलच्या वस्तूला फरक पडत नाही. कार्बन ब्रश असलेल्या मोटारीला, म्हणजे मिक्सर, हँड ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर यांनाही फारसा फरक पडत नाही. पण ब्रश नसलेल्या साध्या इंडक्शन मोटारीचा वेग सहाचा पाच होतो, म्हणजे सुमारे १७ टक्के कमी. शिवाय ती जास्त तापते. पंखा, जुना फ्रीज, पंप, कॉम्प्रेसर यांना हे लागू. लाईटच्या हर्ट्झवर चालणारे घड्याळ तर दर तासाला दहा मिनिटे मागे पडते.

मायक्रोवेव्हचा मोह टाळा. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो, ५० वर तो जास्त तापतो. त्यात १००० वॅटचा मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात १५०० वॅटच्या आसपास ओढतो. त्याला लागणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च पाहिला तर इथला नवा मायक्रोवेव्ह परवडतो. अमेरिकेच्या १२० व्होल्टच्या फ्रीज आणि वॉशिंग मशीनचेही तेच. येणाऱ्याला आधीच फोनवर सांगून टाका, "ते आणू नकोस."

घरात ऑक्सिजनचे यंत्र असेल तर

६० हर्ट्झचा कॉन्सन्ट्रेटर ५० हर्ट्झवर चालवला की कॉम्प्रेसर हळू फिरतो. यंत्र चालू दिसते, आवाज येतो, बुडबुडे येतात. पण हवा कमी दाबली जाते आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरू शकते. घरच्यांना काही कळत नाही, त्रास रुग्णाला होतो. त्यामुळे या गोष्टी पाळा.

लेबलवर ६० हर्ट्झच असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून किंवा रुग्णालयातील बायोमेडिकल तंत्रज्ञाकडून विचारून घेतल्याशिवाय रुग्णाला लावू नका. ऑक्सिजन अॅनालायझरने शुद्धता तपासून घ्या. चांगले यंत्र साधारण ९० टक्क्यांच्या वर देते. ८२ टक्क्यांच्या खाली गेलेले यंत्र जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषातही बसत नाही.

यंत्रावरचा कमी शुद्धतेचा दिवा किंवा बजर 'नुसता वाजतो' म्हणून टेप लावून बंद करू नका. व्होल्टेज कमी झाल्यावरच तो वाजत असेल तर तीही नोंद करा आणि डॉक्टरांना सांगा.

रुग्णाजवळ पल्स ऑक्सिमीटर ठेवा. यंत्र कितीही चांगले असले तरी भरलेला सिलिंडर जोडीला हवाच. आपल्याकडे वादळात लाईट गेली तर कधी येईल याचा भरवसा नाही, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे दरवर्षीचेच आहे. तशा गावातल्या कुटुंबाने पावसाळ्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात आपल्या रुग्णाची माहिती देऊन ठेवावी.

नवीन यंत्र कोणी भेट देणार असेल तर देणाऱ्याला एकच वाक्य कळवा : "२३० व्होल्ट, ५० हर्ट्झचेच पाठवा."

इन्व्हर्टर आणि सोलरवर चालेल का?

बॅटरीच्या इन्व्हर्टरमध्ये 'स्क्वेअर वेव्ह' आणि 'साइन वेव्ह' असे प्रकार असतात. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर स्क्वेअर वेव्हवर लावला तर तो गुणगुणतो आणि तापतो. इन्व्हर्टरवर चालवायचेच असेल तर प्युअर साइन वेव्ह हवा. सोलरवर चालणाऱ्या घरांनी आधी पॅनेल-बॅटरीची ताकद बघावी. ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही थोडी वीज खातो. समजा दहा वॅट खात असेल आणि चोवीस तास लावलेला राहिला, तर महिन्याला सात युनिट जातात. काम झाले की ट्रान्सफॉर्मरचे बटण बंद करा, फक्त उपकरणाचे नाही.

अर्थिंग आणि विजांचे दिवस

अमेरिका-जपानच्या अनेक वस्तूंना दोनच पिना असतात. ज्यांना तीन आहेत, त्यांची तिसरी पिन कापून टाकू नका. ट्रान्सफॉर्मरच्या सॉकेटमधून अर्थिंग पुढे जाते की नाही, हे वायरमनकडून तपासा. आपल्या उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंगचा खड्डा काम करत नाही. आठवड्याला बादलीभर पाणी टाकत जा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला नसेल तर कन्व्हर्टरच्या आधी तो बसवा.

मृगाच्या आधीपासून परतीच्या पावसापर्यंत वीज कडाडायला लागली की पिन काढून ठेवा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. ट्रान्सफॉर्मर तणसाजवळ, धानाच्या पोत्यांवर, गादीवर किंवा कपाटात ठेवू नका. फरशीवर, चारी बाजूंनी हवा लागेल असा ठेवा.

विकत घेताना दुकानदाराला काय विचाराल?

१. ऑटो आहे की आयसोलेशन?
२. वाइंडिंग तांब्याची की अॅल्युमिनियमची? तांब्याचीच घ्या.
३. लिहिलेला व्हीए सतत चालण्याचा आहे की काही मिनिटांचा?
४. बाहेर ११० मिळतात, १२० की १००? दुकानातच मीटर लावून दाखवायला सांगा.
५. फ्यूज किंवा एमसीबी आहे का? बाहेरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का?
६. पक्के बिल आणि लेखी वॉरंटी मिळेल का?

तयार माल मिळाला नाही तर मोटार वाइंडिंगवाले ऑर्डरप्रमाणे स्टेप-डाऊन बनवून देतात. जपानी वस्तूसाठी १०० व्होल्टचा टॅप लागतो तेव्हा हाच मार्ग सोयीचा. पण घरी नेण्याआधी तासभर लोडवर चालवून, हात लावून किती तापतो ते पाहा.

सगळा हिशेब केल्यावर कन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर यांची किंमत मिळून वस्तूच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर इथलीच वस्तू घेणे शहाणपणाचे.

व्होल्टेज कायम कमी असेल तर तक्रार करा

स्टॅबिलायझर हा आपल्या खिशातला इलाज आहे, व्होल्टेज नीट देणे हे वीज कंपनीचे काम आहे. आठवडाभराची ती वही इथे कामी येते. तारीख, वेळ आणि व्होल्टेज लिहिलेला कागद जोडून महावितरणच्या जवळच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. १९१२ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही लिहून ठेवा. एकट्याने देण्यापेक्षा त्याच डीपीवरच्या पाच-दहा घरांनी मिळून द्यावी. डीपीवर भार जास्त आहे का, तार बारीक आहे का, सांधा सैल आहे का, हे तपासायला तीच नोंद उपयोगी पडते. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते, आणि तिथे तोंडी सांगण्याला नाही, पोच आणि तक्रार क्रमांकाला किंमत असते.